सहा आकडे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
हनुमंतनगर, बेंगळुरू

सुप्रीता,

वडिलांनी मुलीला लिहिताना वरती आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या पत्रात ते नाहीत. शोधू नकोस.

हनुमंतनगरहून एचएसआर लेआउटला स्पीड पोस्टाने पत्र आलं म्हणून तुझ्या घरी हसतील. हसू देत. मोबाईलवर मोठं लिहिणं मला जमत नाही आणि छोट्यात माझा राग मावत नाही. फोन मी करणार नाही, कारण जूनमध्ये जाताना तू दारात काय बोललीस ते मला पाठ आहे. "आता तुमच्या मशीनला मी पुन्हा हात लावणार नाही, अप्पा. तुमचं तुम्ही बघा." बघतोय.

मुद्द्याचं लिहितो. परवा रविवारी चिकपेटेत बिजागऱ्या घ्यायला गेलो होतो. तिथे साड्यांच्या गल्लीत रक्षिता भेटली, आपल्या विराटची मेहुणी. मला बघून नमस्कार केला आणि म्हणाली, "अंकल, विराटभावोजींनी तुम्हाला किती मेल पाठवले! या खेपेला तर येण्याची तारीखसुद्धा लिहिलीय. बघितलं नाही का तुम्ही?"

मी म्हटलं, कुठली तारीख?

तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "ते मी नाही सांगणार. त्यांनी बजावून ठेवलंय. अप्पांना काय सांगायचं ते मीच मेलमध्ये सांगेन, मध्ये कुणी पडायचं नाही."

मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. साडेतीन वर्षं झाली, तुझ्या आईला जाऊन. आई शेवटची घटका मोजत असताना मी तीनदा कोइमतूरला फोन केला आणि तुझा भाऊ तीनदा "उद्या निघतो" म्हणाला. अंत्यविधीला तो नव्हता. त्यानंतर त्याने मला एक ओळही लिहिली नाही असंच मी धरून चाललो होतो. आता कळतंय की तो लिहितोय. मग ते मेल गेले कुठे?

माझ्या मेलचा पासवर्ड तू घातलेला. त्याला जोडलेला नंबर तुझा. सप्टेंबरमध्ये माझा जुना मोबाईल बंद पडला, नवीन घेतला, तेव्हापासून तो मेल उघडायला पासवर्ड मागतो आणि वर आकडे पाठवतो, ते तुझ्या फोनवर. म्हणजे घर माझं आणि कडी तुझ्या हातात.

तारीख निघून जायच्या आत मला ते मेल वाचायचे आहेत. पासवर्ड कागदावर लिहून पाठव. उत्तर पोस्टानेच.

शेषगिरी राव रणनवरे


१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

सुप्रीता,

पत्राला उत्तर नाही. मोबाईलवर मात्र तुझे तीन मेसेज. "अप्पा, फोन करा." "अप्पा, पासवर्ड कागदावर लिहीत नाहीत." "अप्पा, प्लीज फोन करा." मी फोन करणार नाही हे मी मराठीत लिहिलं होतं. तुम्हा ऑफिसवाल्यांना आता मराठी वाचायलाही कुणाची तरी मदत लागते की काय कोण जाणे.

तुझ्या मदतीवाचून माझं अडलेलं नाही. आपल्या समाजाच्या हॉलमध्ये वाचनालयाशेजारच्या खोलीत दर शनिवारी अकरा ते एक कॉम्प्युटरचं टेबल लागतं, वय वर्षं साठच्या वरच्यांसाठी. जुलैपासून जातोय. चालवतात त्या अहल्याक्का, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांच्या टेबलाचा एकच नियम आहे. शिकवणाऱ्याने हात मागे बांधायचे. माउस मशीनच्या मालकाच्याच हातात राहणार. कुणाला एक क्लिक करायला पाऊण तास लागला तरी त्या हात पुढे आणत नाहीत. पहिल्या दिवशी मी वैतागून म्हटलं, तुम्हीच करून टाका ना. तर म्हणाल्या, "अण्णा, मशीन तुमचं, हात तुमचा. मी नुसतं तोंड. स्वल्प थांबा, येईल."

आणि आलं. वीज बोर्डाचं बिल मी आता स्वतः भरतो. रेल्वेचं तिकीट काढतो. छापतोसुद्धा.

तू बारा वर्षांत मला काय शिकवलंस? "इकडे द्या अप्पा," टकटक टकटक, "घ्या, झालं." काय झालं, कसं झालं, विचारायची सोय नाही. तुझ्या घरी बसून माझ्या मशीनचा बाण हलवायचीस. मी खुर्चीत बसून बघायचो, बाण आपला आपण फिरतोय, खिडक्या उघडतायत, मिटतायत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. मिलीमीटरच्या शंभराव्या भागावर माझी सही चालायची. आणि तू जूनमध्ये तुझ्या सासरच्या चार माणसांदेखत माझ्या हातातून मोबाईल काढून घेतलास, कारण मी गॅसचा नंबर लावायला वेळ घेत होतो. शाळेतल्या पोराच्या हातातली गोटी काढून घेतात तसा. तेव्हा मी जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

शनिवारी टेबलावर मी मेल उघडायला बसलो. पासवर्ड आठवून आठवून पाच वेळा टाकला. आईचं नाव, तिचं जन्मसाल, आपला जुना घर नंबर. पाचही चुकले. मग त्या मशीनने तुझ्या नंबरावर सहा आकडे पाठवले. अहल्याक्का म्हणाल्या, मुलीला फोन लावा, एका मिनिटाचं काम आहे. मी म्हटलं बेडा, नको. तेवढ्यात तुझा मेसेज आलाच. "अप्पा, तुम्हीच आहात का? तुमचा आवाज ऐकल्याशिवाय आकडे देणार नाही." आवाज ऐकल्याशिवाय! मी चोर आहे का? माझ्याच मेलला?

आता सरळ विचारतो. विराटचे मेल तू पुसलेस का? वाचलेस का? भावाबहिणीचं वाजलं तर ते तुमचं तुमच्यात. माझ्या नावाने आलेलं टपाल फोडायचा अधिकार तुला कुणी दिला?

रविवारी, सोळा तारखेला, मी दिवसभर घरी आहे. लाज असेल तर फोन घेऊन ये आणि माझ्यासमोर तो मेल उघड. हात मी लावीन.

शेषगिरी राव


१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सुप्रीता,

तू आली नाहीस.

रविवारी सकाळी सातला आंघोळ उरकली. इस्त्रीचा शर्ट घातला. तुला आवडतात म्हणून नव्हे, मला हवे होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ इडल्या शनिवारीच सांगून ठेवल्या होत्या, त्या आल्या. नऊ वाजता, दहा वाजता, अकरा वाजता मी दोनतीनदा उठून जिन्यापर्यंत गेलो. खाली उतरलो नाही. गेटवर उभा राहिलो असतो तर रस्त्याच्या टोकावरून तुला दिसलं असतं की म्हातारा वाट बघतोय, आणि ते सुख मला तुला द्यायचं नव्हतं. इडल्या संध्याकाळपर्यंत खाल्ल्या. चार टाकल्या.

सोमवारी सकाळी वॉचमन फत्तेसिंग दारात येऊन उभा. "साब, एक बात बोलनी थी." मी तुझ्या पत्राची वाट बघत होतो, टाळकं फिरलेलं होतं. म्हटलं, मोटरचं काही असेल तर सेक्रेटरीला सांग, माझं डोकं खाऊ नकोस. गेला बिचारा.

आज तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं. "निळी वही काढा. १९ मार्च २०२२ चं पान. मग शनिवारी अकराला हॉलमधून फोन करा, आकडे सांगते. तुमच्या मशीनला मी हात लावलेला नाही. मी सोळाला चेन्नईत होते, ऑफिसच्या कामाला. सु."

वही काढा! मला हुकूम! मी तुझ्या हाताखाली कामाला आहे का? वही कपाटात आहे आणि कपाटातच राहील. माझ्या वह्यांत काय आहे ते मला माहीत आहे. रोजचं लिहून ठेवायची सवय मला कारखान्याने लावली, तू नाहीस. आणि "हात लावलेला नाही" कशावरून? चोराच्या उलट्या बोंबा.

शनिवारी फोन करीन. तुझ्यासाठी नव्हे. तारीख कळायला हवी म्हणून. आकडे सांग आणि फोन ठेव. दुसरं काही बोलायचं नाही.

शे. रा.


२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सुप्रीता,

अकरा वाजून चार मिनिटांनी मी फोन लावला ते तुला माहीत आहे. पहिल्याच घंटीला तू उचललास. हॅलो नाही, अप्पा नाही. "लिहा." मग सहा आकडे, एकेक करून, मला लिहायला वेळ देत. चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ. मी ते मशीनमध्ये घातले. सहाव्याला बोट चुकलं, पुसून पुन्हा घातला. अहल्याक्का माझ्यामागे हात बांधून उभ्या. मेल उघडला. तू फोन ठेवला नव्हतास. मला तुझा श्वास ऐकू येत होता. "ठेव" म्हणायला मी तोंड उघडलं, ते निघालं नाही, म्हणून मीच कापला. हे लिहितो कारण तू म्हणशील मी फोन आपटला. आपटला नाही. कापला.

पुढचं तुला माहीत नाही, ते लिहितो.

समोर वीज बोर्ड, बँक, गॅस. विराट कुठेच नाही. मी अहल्याक्कांना म्हटलं, बघा, पुसले हिने. त्या म्हणाल्या, "अण्णा, डावीकडे बघा. खाली. अजून खाली. तो लाल कसला हो?"

डावीकडच्या यादीत शेवटी एक लाल चौकोन होता. पुढे लिहिलेलं, "लाल पेटी. शे. रा."

माझा हात माउसवरच राहिला.

अहल्याक्कांना काय समजणार त्यातलं. तुला समजतं. लहानपणी तुम्ही दोघं मला विचारायचात, अप्पा, नापास झालेले पार्ट कुठे जातात? मी सांगायचो, लाल पेटीत. ज्याने नापास केला त्याची सही पेटीवर. आणि तो इन्स्पेक्टर स्वतः येऊन "दुरुस्तीला" किंवा "भंगारात" असं म्हणेपर्यंत त्या पेटीला मॅनेजरसुद्धा हात लावत नाही.

मी क्लिक केलं. एकतीस मेल. एकतीसच्या एकतीस ठळक अक्षरांत. ठळक म्हणजे न उघडलेलं, हे मी जुलैत शिकलो. एकही उघडलेला नाही, एकही पुसलेला नाही. साडेतीन वर्षं किल्ली तुझ्या हातात होती.

शेवटचा आधी उघडला. २९ ऑक्टोबर. इथे उतरून काढतो, कारण पहिल्यांदा तो मीच वाचला आणि एकट्याने सोसवत नाही.

"अप्पा, आम्ही वीस नोव्हेंबरला न्यूझीलंडला जातोय. परत राहायला येऊ असं वाटत नाही. सोळाला रविवारी सकाळी दहा वाजता मी येतो. मागच्या वेळेसारखा गेटवर थांबेन. तुम्ही बोलावलंत तर वर येईन. नाही बोलावलंत तर फत्तेसिंगला त्रास देणार नाही. विराट."

आज बावीस तारीख आहे, सुप्रीता.

मी कुणाशी न बोलता घरी आलो. गेटवर फत्तेसिंगला म्हटलं, रजिस्टर दाखव. त्याने पान काढून दिलं. रविवार, सोळा. विराट रणनवरे, फ्लॅट २०४. आला १०.०२. गेला ११.४०. शेवटच्या रकान्यात, भेट नाही.

मी त्याच्यावर ओरडलो. आख्खी सोसायटी बाहेर आली. तो मान खाली घालून म्हणाला, "साब, आपने ही तो बोला था. वो आए तो ऊपर नहीं भेजना, बताना भी नहीं. वो हुकम किसी ने वापस तो लिया नहीं. फिर भी सोमवार को मैं बताने आया था."

एक तास अडतीस मिनिटं. त्यात मी दोनदा तरी जिन्यापर्यंत आलो होतो. वीस पायऱ्या आहेत. तू बघशील म्हणून उतरलो नाही.

मग वर येऊन निळी वही काढली. १९ मार्च २०२२. अक्षर माझं. "सुप्रीताकडून मेलमध्ये व्यवस्था करून घेतली. विराटकडून येणारं सर्व न उघडता लाल पेटीत. कुणीही उघडू नये. सु. म्हणाली, अप्पा, स्वल्प थांबा, महिनाभराने ठरवा. मी म्हटलं, सही माझी आहे." खाली सही. खाली तारीख. त्याच्याच खालच्या ओळीत, "फत्तेसिंगलाही सांगितलं."

वहीत काय आहे ते मला माहीत आहे असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं होतं. पहिलं पत्र लिहिताना मला सगळं आठवत होतं. तो अंत्यविधीला आला नाही असं लिहिलं, पण चौथ्या दिवशी आला होता, गेटवर उभा होता, आणि तू माझ्या शेजारी खिडकीत रडत उभी होतीस, हे लिहिलं नाही. तुला चोर ठरवलं की मला वही काढावी लागणार नव्हती. म्हणून ठरवलं.

तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, फोन करा. मी स्पीड पोस्ट करत बसलो.

शे. रा.


२५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. सुप्रीतास अनेक आशीर्वाद.

हे लिहिलं म्हणजे जूनचं मिटलं असं समजू नकोस. चार माणसांत मोबाईल काढून घेतलास ते चूकच होतं. माझं ओरडणंही चूक होतं, पण आधी तू.

काल सोमवार असून अहल्याक्कांनी माझ्यासाठी खोली उघडली. तू पुन्हा आकडे दिलेस. या वेळी "जेवलात का?" असं विचारलंस. मी "हो" म्हटलं. जेवलो नव्हतो.

एकतीसच्या एकतीस वाचले. पहिल्यापासून, क्रमाने. पहिल्या नऊंत माफी आहे. दहाव्यात नाही. दहाव्यात त्याने विचारलंय, "अप्पा, आमच्याकडे बोअर एका टोकाला मोठं येतंय, मशीन नवीन आहे, तुम्ही असता तर आधी काय तपासलं असतं?" त्यानंतर शेवटचा सोडून सगळे तसेच. कारखान्यातल्या अडचणी. दीड-दोन महिन्यांतून एक. मी उत्तर देत नाही हे माहीत असून तो मला विचारत राहिला. पार्टची पकड तपासायला हवी होती. ढिली पकड असली की भोक एका टोकाला असंच फाकतं. एका ओळीचं उत्तर होतं आणि ते मी तीन वर्षं पेटीत ठेवलं.

त्याला उत्तर लिहिलं. दोन बोटांनी, दीड तास लागला. अहल्याक्कांनी हात मागेच ठेवले, पण मध्ये एकदा त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही. ते त्याचं टपाल आहे. एवढंच सांगतो, लाल पेटी मी माझ्या हाताने काढून टाकली आणि फत्तेसिंगला नवीन हुकूम दिला. त्याने तो रजिस्टरमध्ये लिहून माझी सही घेतली. शहाणा माणूस आहे.

अजून उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही. मी त्याला साडेतीन वर्षं थांबवलं, तो मला किती थांबवतो ते बघू. रागावण्याचा हक्क त्याचा आहे.

आता शेवटचं. अहल्याक्का म्हणाल्या, "अण्णा, सगळ्यात आधी मुलीचा नंबर काढा, तुमचा घाला. किल्ली आपल्या खिशात पाहिजे, सरी, कळलं ना?" कुठे जायचं, काय दाबायचं, सगळं सांगितलं. मी तिथपर्यंत गेलो. तुझा नंबर होता, पुढे "बदला" असं होतं. बाण त्याच्यावर नेला.

बदलला नाही. जमलं नाही म्हणून नव्हे, मला आता जमतं. तो पासवर्डही आठवणार नाही, दर वेळी आकडे लागतीलच. शनिवारी अकराला मी हॉलमध्ये असतो. आकडे सावकाश सांगायचे. आवाज ऐकल्याशिवाय द्यायचे नाहीत, तुझाच नियम आहे. आणि सांगून झाल्यावर लगेच फोन ठेवू नकोस.

अप्पा